चोवीसच्या जीपवर बाराचे दिवे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, हे आधीच सांगून टाकते. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करायला, नाहीतर वायरीवर खूण करायला. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मी अंदाजाने ठरवते. ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात, त्यांना काही इलाज नाही. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्यानंतर कुणाच्या हाती पडलंच, तर त्याने अक्षराकडे कानाडोळा करावा. माझे हात यापेक्षा चांगलं काम करायचे, ते कोणतं एवढंच सांगायचं आहे.

आम्ही भिंगारला राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये दादांचं वायरिंगचं दुकान. दादा म्हणजे माझे वडील. लष्कराच्या वर्कशॉपात ते बरीच वर्षं हंगामी हेल्पर होते. ते काम संपलं तेव्हा तिथून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या, एक पत्र्याची हिरवी पेटी आणि दुसरी काम करायची पद्धत. पेटीत पक्कड, टेस्टलॅम्प, जुने फ्यूज, भंगारातल्या लष्करी ट्रकांचे रिले असं काहीबाही असायचं. पहाटे छावणीतला बिगूल वाजायचा, मग देवळाची घंटा. आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणायचो. त्यानंतर लांब माळावर रणगाडे सुरू झाले की घरातल्या बरण्या थरथरायच्या. आई म्हणायची, "उठा, बरण्या उठल्या." तिला ऑफिसरांच्या क्वार्टरांत धुण्याभांड्यांची कामं होती, म्हणून ती अंधारातच बाजरीच्या भाकरी थापून ठेवायची. भाकरी, कोरड्यास म्हणजे तिच्याबरोबर एखादी भाजी-आमटी, आणि लसणाची चटणी. रविवारी उपासना झाल्यावर मटणाचा रस्सा, आणि तो चुलीवर असेपर्यंत दादा दुकानाची फळी उघडायचे नाहीत, गिऱ्हाईक कितीही ओरडो.

पाचवीची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती, म्हणून माझी शाळा सुटली, असं सगळ्यांना सांगितलं जायचं. ते खरंच होतं. पण मला स्वतःला शाळा सुटल्याचं वाईट वाटलं नाही. बाईंनी उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाज घशातच बसायचा. पोरं हसायची. घरी कुणी आलं की मी आतल्या खोलीत जायची. आई चारचौघांत म्हणायची, "आमच्या मार्थाला देवानं जीभ दिली खरी, पण चालू करायचं बटण द्यायचं राहिलं." दादा हसायचे नाहीत. ते मला शेडमध्ये पत्र्याच्या आडोशाला बसवायचे आणि हातात वायरी द्यायचे.

वर्कशॉपातून आणलेली पद्धत ती हीच. दुसरे वायरमन वायरींचा जुडगा काळ्या टेपने गुंडाळायचे. उन्हात टेपचा चिकटपणा वितळायचा, सगळं काम तेलकट होऊन सुटायचं. दादा टेप लावायचेच नाहीत. ते दोऱ्याने बांधायचे. पक्का सुती दोरा, त्याला मेण चोळायचं आणि बोटाबोटाच्या अंतरावर गाठ घालत जायचं. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीच्या ओळीत. मेण आमचं देवळातलं असायचं. मोठ्या सणांच्या उपासनेनंतर उरलेली मेणबत्त्यांची बुडखी पाळकसाहेब दादांसाठी डब्यात ठेवायचे. दोरा त्या बुडख्यावरून ओढताना येणारा बारीक आवाज आणि तो वास मला आजही कुठल्या देवळात गेलं की आठवतो, आणि मन प्रार्थनेतून उठून पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसतं.

गाठी माझ्या चांगल्या यायच्या. हात लहान होता, डॅशबोर्डच्या मागे दादांचा जिथे जायचा नाही तिथे माझा जायचा. गाडीचा पत्रा जिथे भोक पाडून वायर पलीकडे न्यायची, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवायचा, नाहीतर पत्रा वायरीची साल खातो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, लांब नाही. हे सगळं मी न विचारता शिकले, कारण विचारायलाही तोंड उघडावं लागतं. रिले मात्र दादांनी मुद्दाम समजावला. हातातल्या काड्यापेटीएवढी डबी दाखवून म्हणाले, "मोठ्या दिव्यांचा करंट बटणातून नेला तर बटण जळतंय. म्हणून बटणानं फक्त हाक मारायची. वजन उचलायचं ह्यानं." मग बारीक वायर बॅटरीला टेकवली आणि डबी आतून टक् अशी बोलली. मला ती फार आवडली. पुढे कित्येक दिवस मी ती उगाच बोलवत बसायची.

आता मी सावेडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. खाली पोरांच्या गाड्या उभ्या असतात, छपरावर पांढऱ्या दिव्यांच्या लांब पट्ट्या. पेटीतून सगळं तयार येतं, प्लगला प्लग लावला की झालं. नातू म्हणतो, आजी, बघ ना, अर्ध्या तासात बसवलं. मी बघते. चांगलं असतं. वायर मोकळी लोंबत असते तेवढी मी गुपचूप बांधून टाकते.

तर भिंगारची गोष्ट. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघायच्या आणि आसपासच्या तालुक्यांतले लोक त्या घ्यायचे. त्या जीपना आमच्याकडे डिस्पोजलची जीप म्हणत. मजबूत गाडी, पण एक भानगड. बाहेरच्या गाड्यांना बारा व्होल्टची एक बॅटरी असते. या जीपना बारा-बाराच्या दोन, एकीला एक जोडलेल्या, मिळून चोवीस. बाजारात दिवे, भोंगे, पंखे मिळायचे ते सगळे बाराचे. मग आमच्याकडच्या वायरमन लोकांनी एक तोड काढली होती. दोन बॅटऱ्यांच्या मधूनच एक वायर काढायची. एकाच बॅटरीचे बारा मिळाले, दिवा लागला, गिऱ्हाईक खूश. याला सगळे 'मधून घेणं' म्हणायचे. भिंगारच्या बाजारात ते इतकं सर्रास होतं की कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. दादांनी मात्र ते कधी केलं नाही. म्हणायचे, "एका जुवाला दोन बैल. एकालाच दोन्ही वेळा पाण्याला जुपलं, तर तो मरंल आणि दुसरा माजंल." म्हणजे जिच्यातून घेतलं ती बॅटरी उतरत जाते, आणि दोन्ही सारख्याच भरल्या जात असल्यामुळे दुसरी जास्त भरून उकळते. पाणी आटतं, प्लेटा वाकतात. आठवड्यात कळत नाही, महिन्यात कळतं. आणि महिन्याने गिऱ्हाईक बॅटरीवाल्याला शिव्या देतं, वायरमनला नाही.

त्या वर्षी दादांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. बरेच दिवस ते बोटांनीच काम करत होते. गाठ चाचपायचे, वायरीचा रंग मला विचारायचे. ऑपरेशन पुढे ढकलत होते, कारण पैसे नव्हते. तेवढ्यात करंजी घाटाच्या पलीकडून रंगनाथभाऊ म्हणून एक जण डिस्पोजलची जीप घेऊन आले. उंच माणूस, खिशात कायम भुईमुगाच्या शेंगा, बोलता बोलता फोडायचे आणि टरफलं आमच्या शेडमध्ये टाकायचे. वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून पहाटेच्या आत डेअरीला पोचवायचं काम त्यांनी धरलं होतं. रस्ता नाहीच, ओढ्यातून, बांधाबांधावरून जायचं, तेही अंधारात. जीपच्या दोन दिव्यांत खड्डा दिसेपर्यंत चाक खड्ड्यात. म्हणून त्यांना पुढे बंपरवर चार मोठे दिवे हवे होते. दिवे त्यांनी पुण्याहून आधीच आणले होते. बाराचे, एकसंध काचेचे, बल्ब बदलायची सोय नसलेले. दादांनी चाचपून पाहिलं, म्हणाले, बघू, करू काहीतरी. रंगनाथभाऊंनी ॲडव्हान्स दिला. त्या ॲडव्हान्सवर दादांचं ऑपरेशन झालं.

दादा नगरला दवाखान्यात होते आणि आई त्यांच्यापाशी, तेव्हाच रंगनाथभाऊ जीप घेऊन हजर. डेअरीनं काम अलीकडे ओढलं होतं, थांबता येणार नव्हतं.

"दादा न्हाईत?"

मी मान हलवली.

"मंग तू जोड. गाठी तूच मारतीस म्हनत्यात. दोन बॅटऱ्याच्या मधून वायर घ्यायची, बटण लावायचं, झालं. त्यात काय यवडं?"

मी बोनेटजवळ उभी होते. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. मला सगळं कळत होतं. कोणती मरेल, कोणती उकळेल, तेही मी बोट ठेवून दाखवू शकले असते. पण तोंडातून शब्द निघाला तो एकच.

"नाही."

"न्हाई म्हंजे?"

"मधून नाही."

"का न्हाई?"

का, ते सांगायला घशात काहीच येईना. समोरच्या बेकरीच्या पायरीवर दोन गिऱ्हाइकं चहात खारी बुडवत आमच्याकडे बघत होती. रंगनाथभाऊंनी शेंगेचं टरफल फेकलं. "अगं पोरी, गाडी माझी, दिवे माझे, बॅटरी माझी. समदा बाजार मधून घेतोय आन तू मला न्हाई म्हनतीस? तोंडात काय मूग हायेत का? जोडायचं नसंल तर माझा ॲडव्हान्स परत दे. आजच. मी दुसऱ्याकडून करून घेतो."

मी तिथेच उभी राहिले. बोनेटवर हात ठेवून. आज इतक्या वर्षांनी विचार करते, की तेव्हा हो म्हणणं किती सोपं होतं. हातात काम होतं, ॲडव्हान्स वाचला असता, कुणी दोष दिला नसता. पण दादा घरी नव्हते, आणि दुकान त्यांचं होतं, आणि आमच्या शेडमधून तशी जीप बाहेर जाणार नव्हती. एवढंच मला कळत होतं. बाकी काही नाही.

संध्याकाळी आई आली. तिला सगळं कळलं ते माझ्याकडून नाही, समोरच्या रझियाखालाकडून. रझियाखाला बेकरीवाली. नवरा गेल्यावर भट्टी एकटी चालवायची. पहाटे तिच्या नानखटाईचा वास आमच्या बरण्यांआधी उठायचा. आईने डोक्याला हात लावला. "अगं, पैसे डोळ्यात गेले. आता कुठून द्यायचे? दादा असते तर त्यांनी समजावून सांगितलं असतं त्याला. तुला नुसतं नाही म्हणता आलं!"

"मार्थाला रागवू नको," खाला म्हणाली. पिठाचे हात पदराला पुसत ती शेडमध्येच आली होती. "चार वर्षं मी ह्या पोरीच्या समोर राहते. आजपर्यंत मला हिचा आवाज माहीत नव्हता. आज ऐकला. नाही म्हणाली, पण काय नाही म्हणाली! माझ्या भट्टीपर्यंत आलं." मग ती घरी गेली आणि रुमालात बांधलेले पैसे घेऊन आली. रंगनाथभाऊंचे पैसे त्याच दिवशी परत गेले. जीपही गेली. आणि आम्ही रझियाखालाचे देणेकरी झालो. आई पैसे घेताना संकोचत होती तेव्हा खाला म्हणाली, "तुला नाही देत मी. हिला देते. हीच फेडील." माझ्याकडे बघून हसली. मी आत पळाले.

दादा घरी आले ते डोळ्यावर हिरवं फडकं बांधून. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही. आई त्यांना हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ पेज, करून द्यायची. मी भीत भीत झालेलं सांगितलं. मला वाटलं रागावतील, पण त्यांनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बाराचे दिवे, चोवीसची जीप. मी असतो तरी मला लगीच सुचलं नसतं. पर मधून घेतलं नसतं." इतकंच. पण बोलणं संपल्यावरही त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते बाराचे दिवे बसले. भांडी घासताना तेच, भाकरी करतानाही तेच. नाताळ जवळ येत होता आणि आई दरवर्षीसारखी माळ्यावरून कागदाची चांदणी आणि दिव्यांची माळ काढून पुसत होती. ती माळ दादांनी हातातल्या टॉर्चच्या बारक्या बल्बांची केली होती. बल्ब इवलेसे, थेट बॅटरीला लावले तर फट्कन उडतील असे. पण एकामागे एक ओवले की सगळे मिळून वाटून घेतात आणि एकही उडत नाही. एक गेला की मात्र सगळी माळ विझते, मग कोणता गेला ते शोधत बसायचं. आईने माळ माझ्या हातात दिली, "ह्यातला गेलेला शोध गं." मी माळ हातात धरून बसूनच राहिले. दोन दिवे. बारा आणि बारा. एकामागे एक ओवले की चोवीस वाटून घेतील. चार दिवे म्हणजे दोन जोड्या. आई म्हणाली, "अगं, हसतेस काय एकटीच?"

नाताळ होऊन गेला आणि एक दिवस सकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून रंगनाथभाऊंची जीप आमच्या दारात आली. ते स्वतः जीपमध्ये स्टेअरिंगला बसले होते. खिशात शेंगा नव्हत्या. दुसऱ्या कुणीतरी मधून घेतलं होतं. पहिले काही दिवस दिवे झकास लागले. मग जीप सकाळी उठेना. मग एक बॅटरी उकळून तिच्यातलं पाणी बाहेर आलं, आणि घाटाखाली ओढ्यात जीप बंद पडली ती पडलीच. दूध कॅनमध्ये फाटलं. डेअरीनं सांगितलं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला.

"दादा," ते म्हणाले, "तुमची पोरगी न्हाई म्हनली हुती. का न्हाई ते तेवडं सांगितलं असतं तर..."

दादा बाजेवर बसले होते, डोळ्यावर हिरवं फडकं. म्हणाले, "तिलाच इचारा. मला काय दिसतंय?"

शेडमध्ये मी, दादा, रंगनाथभाऊ, ट्रॅक्टरवाला, आणि दारात खाला, हातात खारीचा पुडा. सगळे माझ्याकडे बघत होते. मला पुन्हा तेच झालं. मग मी आत गेले. रंगनाथभाऊंना वाटलं पळाले. मी नाताळची माळ घेऊन आले. माळ दुकानातल्या बॅटरीला लावली. पेटली. एक बल्ब काढला, सगळी विझली. परत लावला, पेटली. माळेतला एकच बल्ब सुटा घेतला आणि त्याच बॅटरीला नुसता टेकवला. फट्. काळा झाला.

"हे... हे मधून नको," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. "दोन-दोन दिवे ओवायचे. माळेसारखे. मग दोघं वाटून घेतात. बॅटऱ्या दोन्ही सारख्या चालतात."

"आन एक दिवा फुटला तर?"

"त्या जोडीतला दुसरा पण जाईल. दुसरी जोडी राहील. घरी पोचाल."

रंगनाथभाऊंनी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "माज्याकडं नका बघू. मला आत्ता कळलं."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "भाऊ, तुमी म्हनायचा ते तोंडातले मूग गिळले वाटतं हिनं."

"गिळले नाहीत," खाला दारातून म्हणाली, "हिने ते पेरले होते."

ते काम मला आजही पहिल्या वायरीपासून शेवटच्या गाठीपर्यंत आठवतं. नवी बॅटरी रंगनाथभाऊंनी आणली. मी आधी ती मधली वायर काढून टाकली आणि ती हातात असताना मला फार बरं वाटलं. दिव्यांच्या मागच्या वाटीत एक पट्टी असायची, दिव्याची एक बाजू सरळ गाडीच्या पत्र्याला जोडणारी. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या दिव्याची ती पट्टी काढली, नाहीतर करंट दुसऱ्या दिव्याकडे जाण्याआधीच पत्र्यात उतरला असता. त्याची वायर दुसऱ्या दिव्याला, दुसऱ्याची पत्र्याला. रिले दादांच्या हिरव्या पेटीतले, ट्रकमधून निघालेले, चोवीसचेच. एका जोडीला एक. बॅटरीपाशी फ्यूज. तिथून जाड वायर रिलेला आणि रिलेतून दिव्यांना. बारीक वायर डॅशबोर्डवरच्या दोन बटणांना, कारण बटणाला फक्त हाकच मारायची होती. जिथे जिथे पत्र्यातून जायचं तिथे ट्यूबचा तुकडा. मग दोरा, मेण आणि गाठी. हे नाताळच्याच मेणबत्त्यांचं मेण होतं.

बटण दाबलं. रिले टक् बोलला. एक जोडी पेटली. दुसरं बटण दाबलं, रिले बोलला, पण जोडी पेटली नाही. रंगनाथभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच अडकलं. टेस्टलॅम्प घेऊन मी बंपरखाली आडवी शिरले. दिव्यापर्यंत करंट येत होता. पत्र्यावर टेकवला तर काहीच नाही. मग लक्षात आलं. लष्करी हिरवा रंग, थरावर थर दिलेला, चामड्यासारखा जाड. मी रंगावरच जोडलं होतं. पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा रुपयासारखा पांढरा होईपर्यंत घासला. वायर पुन्हा आवळली. खालूनच म्हणाले, "दाबा." टक्. पत्र्याखाली अंगावर उजेड आला.

दिवेलागणीला आम्ही सगळे जीप घेऊन गावाबाहेर माळावर गेलो. दादांनीही हट्ट धरला, आई त्यांचा हात धरून मागे बसली. वाट संपली तिथे रंगनाथभाऊंनी जीप उभी केली आणि म्हणाले, "तूच दाब." मी दोन्ही बटणं दाबली. समोरचा माळ एकदम उघडला. बाभळी, दगड, लांबवरची मेंढरं, त्यांचे हिरवे डोळे, सगळं. मेंढरांमागच्या माणसाने कपाळावर हात धरला. रंगनाथभाऊ जीपमधून उतरून उजेडात चालत गेले, ओढ्याच्या काठापर्यंत, आणि वळून ओरडले, "खडा दिसतोय! पायातला खडा दिसतोय!"

मजुरी ठरल्याप्रमाणे अर्धी रोख मिळाली आणि अर्धी दुधात. कितीतरी दिवस रोज सकाळी जीप थांबायची आणि कॅनमधून दूध ओतलं जायचं. घरात भावंडांच्या ओठांवर साय वाळलेली असायची. आईने थोडं दूध खालाला नेऊन दिलं, म्हणाली, हे हिशोबात धर. खालाने भांडं परत पाठवलं. निरोप आला, "दूध पोरांच्या पोटात जायचं असतं. कर्ज पैशानेच फिटतं, आणि ते मार्थाने आणून द्यायचं."

दादांचा डोळा उघडला त्या दिवसाचं लिहिते आणि मग संपवते. फडकं सुटलं, जाड भिंगाचा चष्मा आला. दादांनी घर पाहिलं, आईला पाहिलं, म्हणाले, "म्हातारी झालीस की गं," आणि आईने लाटणं उगारलं. मग ते शेडमध्ये आले. नेमकी रंगनाथभाऊंची जीप दूध घेऊन दारात होती. दादांनी बोनेट उघडलं आणि वाकले, डॉक्टरने सांगितलेलं विसरून. बराच वेळ वाकून राहिले. एक एक गाठ बघत. इतके दिवस त्या गाठी त्यांच्या बोटांना माहीत होत्या, डोळ्यांना नाही. "मार्थे," ते म्हणाले, "एवढ्या बारीक? एवढ्या सरळ?" मग रंगनाथभाऊंकडे वळून म्हणाले, "आमच्या वर्कशॉपात हे कुणाला जमत नव्हतं. मला सुदिक." मी पत्र्याच्या आडोशाला होते. त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. मला सगळं ऐकू गेलं. मी आजही ते वाक्य अधूनमधून काढून बघते.

त्यानंतर घाटापलीकडून, शेवगावकडून, नेवाशाकडून डिस्पोजलच्या जीप यायला लागल्या. "माळ लावणारी पोरगी कुठंय?" असं विचारत यायचे. मी आडोशाआड असायची. दादा आत हात करायचे. मी बाहेर यायची, काम बघायची. बोलायची कमी, पण नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणायची, आणि आता का ते सांगायची. जीपवरच्या प्रत्येक कामातले थोडे पैसे आई वेगळे काढून माझ्या हातात द्यायची आणि मी ते रस्ता ओलांडून खालाला द्यायची, मान खाली घालून. खाला घ्यायची, एक नानखटाई हातावर ठेवायची, आणि मी परत यायची.

शेवटचे पैसे घेऊन गेले तेव्हा उन्हाळा लागला होता. बाजाराचा दिवस. बेकरीपुढे गर्दी, एक टांगा उभा, भट्टीतून पाव निघत होते. मी पैसे खालाच्या हातात दिले. तिने ते मोजले नाहीत, कमरेच्या पिशवीत टाकले.

"आता किती राहिले?"

"काही नाही," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही राहिले."

"ऐकू येत नाही गं. भट्टीचा आवाज." भट्टीचा कसलाच आवाज नव्हता. तिचे डोळे हसत होते. "तू पैसे घेतलेस त्या दिवशी अख्ख्या रस्त्यानं तुझं नाही ऐकलं. आता हे पण ऐकलं पाहिजे. जा, पायरीवर उभी राहा आणि सांग."

मी तिच्याकडे बघितलं. आडोसा नव्हता. समोर आमची शेड, शेडमध्ये दादा, नाकावर चष्मा, बघत होते. मी पायरीवर उभी राहिले. छातीत काहीतरी टक् झालं.

"रझियाखालाचे सगळे पैसे फिटले!"

बाजार थबकला. टांग्याचा घोडा बिचकून दोन पावलं मागे सरला आणि टांगेवाला माझ्यावर खेकसला. खाला पाठीमागून आली, माझ्या हातावर गरम पाव ठेवला आणि म्हणाली, "हां. आता फिटले."